काहिलीतली नाव

रूपनवरांच्या घराण्यात आजवर कुणाचाही जीव क्षुल्लक कारणानं गेलेला नव्हता. पणजोबा मेंढरांमागं कोकणात उतरले ते पुरात गेले, त्यांचे थोरले बंधू लांडग्याशी झटताना गेले, आणि एक चुलत आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता गेली. एक धाकटा चुलता तेवढा बोराची बी घशात अडकून गेला. पण त्या वेळी लांडगा तिथंच कुठंतरी आसपास होता, असं घरात सांगतात.

त्यामुळं शहाण्णव सालच्या ऑक्टोबरात, बारामतीतल्या लेकरांच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी जोतीराम रूपनवरांना, म्हणजे तात्यांना, "डास चावलाय" असं सांगितलं, तेव्हा त्यांना प्रथम वाटलं की डॉक्टर काहीतरी दडवतायत.

"डास?" तात्या म्हणाले.

"डासच."

"म्हंजी साधा?"

"अगदी साधा नाही. पायांवर पांढरे पट्टे असतात. दिवसाढवळ्या चावतो."

पट्ट्यांमुळं तात्यांना किंचित धीर आला. निदान काहीतरी अंगात असलेला प्राणी होता.

"पर बाळाला कुठं चावला? चार दिवसांचं लेकरू. फडक्याबाहेर नुसतं नाक हाय त्याचं."

"बाळाला नाही, आईला चावला. बाळंतपणाच्या आधी." डॉक्टर तरुण होते आणि दिवसभर हेच समजावून थकलेले होते. "तुमच्या मुलीला ताप होता ना? हाडं मोडून येत होती? तो तापाचा विषाणू तिच्या रक्तातून वारेतनं बाळाकडं गेला. दोन आठवडे आधी चावला असता तर तिच्या रक्तात प्रतिकार तयार झाला असता आणि तोही बाळाला मिळाला असता. तापच तेवढा पोचला, ढाल पोचायला वेळ मिळाला नाही."

योगिनी ही तात्यांची एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी, निरवांगीला आली होती. दिवस भरत आले तसा तिला ताप भरला. घरात सगळ्यांनी ती बाळंतपणाची कणकण ठरवली. तापाच्या तिसऱ्या दिवशी ती इंदापूरला बाळंत झाली. मुलगा. पेढे वाटून झाले आणि चौथ्या दिवशी मुलानं दूध टाकलं. अंग तापलं, आणि पोटावर लाल ठिपके उठले. कुणी टाचणीनं टोचावेत तसे बारीक. धाकट्या भावाची, महिपतीची जीप काढून तात्यांनी रातोरात बारामती गाठली.

"रक्त थांबवणाऱ्या पेशी असतात," डॉक्टर म्हणाले. "दीड लाखाच्या वर पाहिजेत. याच्या अडतीस हजार आहेत. आणखी उतरतील. तीन दिवस बघायचं."

"आन तीन दिवसांनी?"

"ते तीन दिवसांनी सांगतो."

तात्यांनी काचेतून आत पाहिलं. नातू हाताची मूठ घट्ट करून झोपला होता. एवढ्या जोरात मूठ आवळायला त्याच्याकडं होतं काय, कुणास ठाऊक. तात्यांनी काचेवर स्वतःची मूठ टेकवली आणि कुणी बघतंय का म्हणून लगेच काढून घेतली.

बाहेरच्या बाकांवर तोवर दोन्ही घरं जमली होती. एका बाकावर तात्यांची बायको भागूबाई आणि महिपती, समोरच्यावर जावई राम मासाळ आणि त्याची आई द्वारकाबाई. राम बारामतीच्याच एमआयडीसीत सुपरवायझर होता. चार दिवसांत त्याची दाढी वाढली होती आणि तो प्रत्येकाला "काही लागलं तर सांगा" म्हणत होता. द्वारकाबाई विधवा, एकट्या हातानं पोराला शिकवलेली, आणि तेव्हापासून कुणालाच काही न विचारण्याची सवय लागलेली बाई. त्यांच्या मांडीवर कालचं वर्तमानपत्र होतं. त्यात दिल्लीत असल्याच तापानं माणसं पटापट मरतायत अशी बातमी होती.

"दिल्लीत हाय ही साथ," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वर्तमानपत्राची घडी महिपतीच्या दिशेनं केली. "दिल्लीला कोण गेलं हुतं?"

महिपती गेला होता. कारखान्याच्या सभासदांच्या सहलीत, गेल्याच महिन्यात. लाल किल्ल्यापुढं काढलेला फोटो त्यानं निरवांगीत घरोघर दाखवला होता.

"आवो इहीणबाई, मी लाल किल्ला बगून आलो. डास घिऊन न्हाय आलो."

"पोरीला शाल आणली हुती न्हवं?"

"मग? शालीत डास बसून आला? चाळीस तास? तिकीट कुनी काढलं त्येचं?"

"भावजी," भागूबाई हळूच म्हणाली, "दिल्लीवरनं आल्यावं तुमी दोन दिस अंग दुखतंय म्हनत हुता."

महिपतीनं वहिनीकडं अविश्वासानं पाहिलं. पंचवीस वर्षं या बाईच्या हातची भाकरी खाल्ली होती. "वैनी, रेल्वेच्या फळीवर दोन राती काढल्यावर म्हसरू बी अंग दुखतंय म्हनंल."

पण दोघी विहिणी एका बाजूला झाल्या होत्या. लग्नापासून हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि तात्यांना क्षणभर वाटलं की महिपतीच्या माथी मारून हे मिटत असेल तर मिटू द्यावं. महिपती भाऊच होता. त्याला नंतर समजावता आलं असतं.

डॉक्टरांनी ते होऊ दिलं नाही. ते राउंडला निघाले होते. द्वारकाबाईंनी त्यांना दिल्लीबद्दल विचारलं.

"दिल्लीचा डास दिल्लीतच राहतो, बाई. दोन-तीनशे फुटांपलीकडं तो फारसा उडत नाही. घराजवळच्या साठलेल्या पाण्यात होतो. स्वच्छ पाण्यात."

"सोच्छ?" भागूबाई म्हणाली.

"हो. गटारात नाही होत. याला चांगलं पाणी लागतं."

घराच्या स्वच्छतेबद्दल विहिणीसमोर मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्रक. भागूबाईनं पदर सावरला. मग तिचा हात पदरावरच थांबला, कारण त्याच वेळी बाकांवरच्या सगळ्यांना एकदम काहील आठवली होती. महिपती छताकडं पाहू लागला. राम बुटांकडं. द्वारकाबाईंनी वर्तमानपत्र उघडलं आणि बाजारभाव वाचायला घेतले.

काहिलीची गोष्ट अशी.

सातव्या महिन्यात योगिनीचं डोहाळजेवण निघालं. ते माहेरीच करायचं असं ठरलं. झोपाळ्यातलं करतात, चांदण्यातलं करतात, नावेतलं करतात. योगिनी म्हणाली, नावेतलं. एरवी कशाचा हट्ट न धरणारी पोर. तात्या दोन दिवस विचारात होते. मग त्यांना घरामागं पालथी पडलेली गुऱ्हाळाची काहील दिसली. ऊस कारखान्याला जायला लागल्यापासून गूळ बंद होता, आणि आठ हात रुंदीची ती लोखंडी कढई कोंबड्यांना सावली देण्याचं काम करत होती. सहा माणसं लावून ती परड्यात सरळ मांडली. आत विटा रचून त्यावर फळ्यांची नाव ठेवली, पुठ्ठ्याचं शीड लावलं, झेंडूच्या माळा सोडल्या. टँकरनं पाणी आणून काहील दोन वीत भरली. हिरव्या साडीतली योगिनी नावेत बसली आणि इंदापूरच्या फोटोग्राफरनं फळीवर उभं राहून फोटो काढला. त्या दिवशी पाण्याकडं पाहत तात्या म्हणाले होते, आपल्या घरात पहिल्यांदा पुरानं काही नेलं नाही.

पाहुणे निघाले तेव्हा महिपती काहील कलती करायला गेला, आणि द्वारकाबाई फाटकातून परत आल्या. "ह्ये पानी आत्ता वतायचं न्हाय. वटीचं पानी हाय. पोरगी मोकळी झाली की मग वता." सासरच्या माणसाचा शब्द. शिवाय टँकरचं पाणी ओतून देणं निरवांगीत कुणाच्याच हाताला पटलं नसतं. पाणी राहिलं.

पंधरा दिवसांनी पाण्यात बारीक काहीतरी वळवळू लागलं. तात्यांनी योगिनीला हाताला धरून परड्यात नेलं आणि कौतुकानं दाखवलं. "बग. तुज्या तळ्यात जीव धरला." हा शुभशकुन आहे याबद्दल घरात दुमत नव्हतं. दुपारी सावलीला त्या काहिलीशेजारी बाज टाकून योगिनी झोपत असे.

आता ती बाळाच्या खोलीशेजारच्या खाटेवर पडून होती. ताप उतरला होता, पण चेहरा पिळून वाळत घातल्यासारखा. तात्या आत गेले तेव्हा ती भिंतीकडं तोंड करून होती.

"तात्या, मीच म्हनले हुते ना. नाव पायजे म्हनून."

तात्या खाटेच्या कडेला टेकले. डोहाळ्यांविषयी बापानं लेकीशी बोलावं अशी त्यांच्या घरात रीत नव्हती. म्हणून ते सलाइनच्या बाटलीकडं बघत बोलले.

"पोटुशी बाय मागती ते तिचं मागनं नसतंय. आतला मागतो. तुजी आई तुज्या येळंला राख खात हुती. तिनं काय हौसंनं खाल्ली?"

"म्हंजी नाव त्यानं मागितली?"

"त्यानंच. सगळी चूक त्येची हाय. बरा झाला की दोन रट्टे दिऊ."

योगिनी भिंतीकडं तोंड करूनच हसली. हसताना तिला रडू फुटलं, आणि तात्या तिच्या पाठीवरून मेंढीच्या पाठीवरून फिरवतात तसा, उलट्या तळव्यानं, हात फिरवत राहिले. त्यांना तेवढाच येत होता.

"सासूबाई काय म्हनत्यात?"

"बाजारभाव वाचत्यात," तात्या म्हणाले.

हे अर्धंच खरं होतं. द्वारकाबाईंचं वाचून संपलं होतं, आणि बाहेर त्या भागूबाईला सांगत होत्या, "हितनं सुट्टी झाली की बाळ-बाळंतीण सरळ माज्या घरी. सव्वा म्हयना न्हाय आन काय न्हाय. त्या घरात माजा नातू पाय ठिवायचा न्हाय."

पहिलटकरीण सव्वा महिन्याच्या आत माहेरातून काढून नेणं म्हणजे त्या घरानं लेकरू सांभाळलं नाही असं गावाला दवंडी पिटून सांगणं होतं. विहिणींची युती अर्धा दिवस टिकली.

संध्याकाळी पाचवी होती. दवाखान्यात पूजा चालत नाही, असं सिस्टर म्हणाल्या. द्वारकाबाई घरून कापडी पिशवीत वरवंटा घेऊन आल्या. दारात वॉचमननं पिशवी उघडून पाहिली आणि हा कुणासाठी, असं विचारलं. "सटवाईसाठी," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि वॉचमन बाजूला झाला. वरवंटा योगिनीच्या खाटेखाली गेला. बाळाच्या पाळण्याशी, काचेच्या आत, सिस्टरची नजर चुकवून एक कोरा कागद आणि पेन गेलं. सटवाई येते, कपाळावर लिहिते. कागद आपला सोयीला.

सकाळी द्वारकाबाईंनी कागद बाहेर आणला. कागदावर लिहिलेलं होतं.

"राम, ह्ये बग. आकडं हायती. आविष्य हाय का बग त्येचं."

रामनं कागद घेतला. "१०२. मग १०१. मग एकतीस हजार." तो थांबला. "आई, ताप आहे हा. सिस्टरनं लिहिलाय. त्यांना कागद सापडला नसेल."

"एकतीस हजार काय?"

"पेशी." रामनं कागदाची घडी घातली. "काल अडतीस होत्या."

द्वारकाबाई तिथंच जमिनीवर बसल्या. पाण्याचा तांब्या घेऊन भागूबाई पुढं झाली, पण मध्येच थांबली. कालचा अपमान अजून ताजा होता. मग तिनं तांब्या त्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवला, हातात दिला नाही.

त्याच दुपारी कुंडलिक आला. कुंडलिक हिवताप खात्याचा आरोग्य कर्मचारी. निरवांगीतल्या घरांच्या भिंतींवर तारखा लिहून आणि सह्या करून त्याची नोकरी झाली होती. संशयित रुग्ण सापडला म्हणून त्याला तीन प्रतींत फॉर्म भरायचा होता, आणि तीस किलोमीटर येऊन तो आता कार्बन पेपर सरळ करत होता. दोन्ही बाक ऐकू लागले.

"तात्या, मी सकाळी घराकडं जाऊन आलो. परड्यातली काहील बगितली. अळ्या घेतल्यात बाटलीत." त्यानं बाटली दाखवली. तात्यांनी ती पाहिली नाही. "आता रकाने भरायचेत. पाणी किती दिवस साठलेलं?"

"अडीच म्हयनं."

"साठवणुकीचं कारण?"

काचेआड बाळ रडायचा प्रयत्न करत होतं. आवाज एखाद्या गाडीचं दार दूर कुठंतरी कुरकुरावं एवढाच येत होता.

"कारण लिवावं लागतंय, तात्या. वरून इचारत्यात."

भागूबाईनं तोंड उघडलं. तिच्याकडं उत्तर अडीच महिन्यांपासून तयार होतं, आणि कालपासून तर ते जिभेच्या टोकावर होतं. समोरच्या बाकावर द्वारकाबाई पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, फोटो काढताना बसतात तशा बसल्या होत्या. त्यांनी समर्थनाची काहीही तयारी केलेली दिसत नव्हती. त्या नुसत्या वाट पाहत होत्या.

"माज्या डोक्यातनं निगालं ते," तात्या म्हणाले. "नावंचं बी, आन पान्याचं बी. टँकरचं पानी, वतवंना. आज वतू, उद्या वतू म्हनत ऱ्हायलं."

"आवो—" भागूबाई.

"तू गप."

"तात्या," राम म्हणाला, "तसं नाहीये. आईच त्या दिवशी फाटकातून—"

"पाव्हनं, लेकरू रडतंय तुमचं. बगा जरा."

राम उठला. काचेपाशी जाऊन उभा राहिला. कुंडलिकनं लिहिलं: 'घरमालकाचा निष्काळजीपणा.' मग त्यानं ते तात्यांना वाचून दाखवलं आणि तिन्ही प्रतींवर सही घेतली. आयुष्यात कर्जाच्या कागदावरही तात्यांनी इतक्या सुबक अक्षरांत सही केली नव्हती.

महिपती एवढंच म्हणाला, "माजं दिल्लीचं नाव कुटं लिवलं न्हाय ना?"

त्या दिवशी दोन वाजता द्वारकाबाई घरी गेल्या आणि डबा घेऊन आल्या. एका डब्यात सात भाकरी. त्या तात्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"जेवा."

"जेवतो की."

"मी म्हनले हुते तुमाला," द्वारकाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पानी वतू नगा म्हनून."

"म्हनला आसाल. मला न्हाय आठवत."

"तुमाला पासष्ट साली कुनाची मेंढी कुनाच्या रानात शिरली ते आठवतंय."

"मेंढरांचं येगळं आसतंय, इहीणबाई."

द्वारकाबाईंनी भाकरीवर पिठलं वाढलं. एवढं वाढलं की भाकरी दिसेना. मग त्या पलीकडच्या बाकाशी गेल्या, भागूबाईशेजारी बसल्या, आणि म्हणाल्या, "माजा राम सा दिसांचा हुता तवा त्येला गोवर निगाली. माजी सासू म्हनली, तुजा पायगुन वाईट. बावीस वरसं ऐकलं मी ते."

भागूबाईनं भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. हातावर, जमिनीवर नाही.

सातव्या दिवशी पेशी एकतीसवरच होत्या. राम आणि महिपती दोघांचे रक्तगट तपासून ठेवले. गरज पडली तर पुण्याला न्यायचं ठरलं, जीपमध्ये डिझेल भरून ठेवलं. महिपती जीपमध्येच बसून राहिला. ज्याच्यावर दिल्लीचा आळ होता त्यानं जीप सोडून चहालाही जाऊ नये, हे भागूबाईला दिसलं, आणि तिनं त्याला चहा नेऊन दिला. "भावजी, शाल चांगली हाय," ती म्हणाली. महिपतीनं ती माफी म्हणून स्वीकारली.

आठव्या दिवशी सकाळी बाळानं दूध ओढलं. योगिनी ओरडली तेव्हा सगळे धावले. वाईट काही झालं असं वाटून द्वारकाबाई आणि भागूबाई एकमेकींचा हात धरूनच दारात अडकल्या. आत योगिनी हसत होती. "आवो, चावतंय त्ये!" ती म्हणाली. पेशी बावन्न हजार झाल्या. दुसऱ्या दिवशी एक लाख दहा. पोटावरचे ठिपके विटले, जुन्या कापडावरच्या नक्षीसारखे.

तात्यांनी डॉक्टरांना गाठून जो प्रश्न चार-पाच दिवस मनात धरून ठेवला होता तो विचारला. "पुडं डोक्यात-बिक्यात काय ऱ्हाईल का त्येच्या? हातापायात?"

"मेंदूत रक्त उतरलं असतं तर सांगता आलं नसतं. तसं झालेलं नाही. तुमच्यासारखाच होईल."

तात्यांना हे पुरेसं आश्वासक वाटलं नाही.

सुट्टीच्या दिवशी द्वारकाबाई नवी मच्छरदाणी घेऊन आल्या. ती त्यांनी भागूबाईच्या हातात दिली. "निरवांगीला हीच बांदा. सव्वा म्हयना झाला की आमी न्यायला यिऊ. रीतीपरमानं."

भागूबाईनं मच्छरदाणी छातीशी धरली. तिला काही बोलता येईना, म्हणून ती म्हणाली, "जरा तोकडी वाटतीय."

"तोकडी न्हाय. खाट मोठी आसंल तुमची."

निघण्याआधी दवाखान्याच्या अंगणात श्रेयाची वाटणी झाली. द्वारकाबाईंच्या मते सटवाईनं ऐकलं. भागूबाईनं बिरोबाला नवस बोलला होता आणि तो आता नारळ घेऊनच थांबणार नव्हता. महिपतीच्या मते इंदापूर ते बारामती बावन्न मिनिटांत आणलं म्हणून वाचलं. राम डॉक्टरांना श्रेय देत होता, पण तो शिकलेला म्हणून त्याचं मत कुणी मोजलं नाही. योगिनी बाळाची मूठ एक एक बोट करून उघडायचा प्रयत्न करत होती.

तात्या मात्र सुट्टीचं कार्ड घेऊन परत आत गेले. पुढं कुणाच्या घरी असं झालं तर सांगता यावं, म्हणून त्यांना औषधाचं नाव पाहिजे होतं. रकाना बघितला तर त्यात नाव सापडेना.

"डॉक्टर, कंच्या औषिदानं उतरला?"

"कुठल्याच नाही," डॉक्टर पुढच्या बाळाचे कागद चाळत म्हणाले. "या तापावर औषध नाही. अंगावरचं दूध, थोडं सलाइन. आठवड्याभरात तो आपोआप उतरतो."